नग दोन

हरिहर दांडेकरांच्या आराखड्यात सगळं होतं, फक्त एक ओळ लिहायची राहिली होती.

चिंचवडच्या एका कारखान्यात ते सव्वीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. पत्नी मृदुलाबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. दापोडीच्या खोलीत एक ताट, एक कप, मूठभर भात. कँटीनमध्येही चौघांच्या टेबलावर ते एकटेच. शेजारच्या टेबलावर अर्जुनरावांची टोळी खदाखदा हसायची, आणि हरिहरराव विनोद न कळताही डब्यात बघून थोडंसं हसून घ्यायचे.

कंपनीच्या वाचनालयात एकदा परदेशी मासिक आलं. त्यात शर्यतीच्या जोडहोडीवर लेख होता. होडी शेवग्याच्या शेंगेसारखी बारीक हवी, म्हणजे ती पाणी ढकलत नाही, चिरत जाते. पण इतकी बारीक होडी एकटी तरत नाही, कलंडते. म्हणून दोन घ्यायच्या, आडव्या फळीनं जोडायच्या. मधे अंतर इतकं, की एकीची लाट दुसरीला लागू नये. बाहेरची बाजू सपाट, आतली फुगीर. एक डावी, एक उजवी, चपलांच्या जोडासारख्या. ‘एकटी कलंडते’ याखाली हरिहररावांनी पेन्सिलीनं रेघ मारली आणि त्या दुपारी, दोन वर्षांत प्रथमच, ते शेजारच्या टेबलाशी बोलले.

“मी होडी करतोय. पवनेवरच्या खंडू नावाड्याच्या नावेपेक्षा जलद.”

“राव, पोहता येतं का?” अर्जुनराव म्हणाले.

“थोडंसं.”

“मग लावा शर्यत! रविवारी आम्ही खंडूच्या नावेत बसतो. पिंपळे गुरवच्या काठाला आमच्याआधी पोचलात, तर सोमवारपासून डबा आमच्या टेबलावर.”

शीट मेटलच्या ज्योतीरामनं सुट्टीत घरी पत्रा ठोकून होड्या केल्या. ज्योतीराम आराखड्याबाहेर केसभरही जायचा नाही. आराखड्यात एका होडीचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, ‘नग दोन’.

रविवारी पवनेचा डोह आरशासारखा होता. खंडूनं नाव सोडली. हरिहरराव फळीवर बसले, वल्हं मारलं, आणि होडी अशी सळसळत निघाली की अर्जुनरावांची शिट्टी ओठातच राहिली. अर्ध्या डोहात ती खंडूच्या पुढे गेली. मग हळूच डावीकडे वळली. मग आणखी डावीकडे. हरिहररावांनी वल्हं जोरात मारलं, तशी ती जोरात वळली आणि पूर्ण फेरा मारून दापोडीच्या काठाला, धुण्याच्या दगडाशी आली.

दगडावर चिमाबाई गोधडी आपटत होती. आपटता आपटता गात होती:

*एकलं गं लाकूड, वाहून जातंया,*
*दुसऱ्याला बांधलं, काठाला येतंया.*

“अवं सायब, काय इसरलं का?”

“नाही, नाही, पलीकडे जायचंय,” म्हणेपर्यंत होडी निघूनही गेली.

दुसऱ्या फेऱ्याला चिमाबाईनं विचारलं, “जेवलाय का?”

उत्तर तिसऱ्या फेऱ्याला मिळालं. “नाही. घरी करणारं कोणी नाही.”

चौथ्या फेऱ्याला ती म्हणाली, “माझ्या बी न्हाई. लेक नाशकाला दिली. गोधडी तेवढी ऱ्हायली दोगांची.”

पलीकडच्या काठावरून अर्जुनराव ओरडले, “हरिहरराव, प्रदक्षिणा कोणत्या देवाला?” टोळीनं भेळ खाल्ली, कागद पाण्यात सोडले आणि ती बस धरायला गेली.

पाचव्या फेऱ्याला चिमाबाईनं होडीकडे मान तिरकी करून पाहिलं. “सायब, दोनी चपला डाव्या पायाच्या घातल्यात तुमी.”

हरिहररावांनी खाली पाहिलं. दोन्ही होड्यांची सपाट बाजू डावीकडे. जन्मभर प्रत्येक जोडीच्या आराखड्याखाली त्यांनी लिहिलं होतं, ‘एक नग असा, एक उलट हाताचा’. या एकाच आराखड्यावर ते लिहायचं राहून गेलं होतं. दोन वर्षं एकाचंच सगळं करणारा माणूस. जोडी म्हणजे एकसारखे दोन नव्हेत, हेच हात विसरला होता.

आपलं काम बघायला आलेला ज्योतीराम काठावरून छाती काढून ओरडला, “सायेब, अर्ध्या सुताचा बी फरक न्हाई दोनींत!”

सहाव्या फेऱ्याला त्यांचे हात गळून गेले. चिमाबाईनं ओल्या गोधडीचं टोक फेकलं. “धरा!” आणि पवनेच्या पाण्यासकट सायबांना काठाला ओढून घेतलं. मग फडक्यातली भाकरी मोडून अर्धी पुढे केली, वर ठेचा. ठेच्यानं हरिहररावांच्या डोळ्यांत पाणी आलं. ठेचा होताच तिखट.

सोमवारी ते कँटीनमधल्या आपल्याच टेबलावर बसले होते. ज्योतीराम अपराधी चेहऱ्यानं आला.

“सायेब, एक फोडतो आन् उलट हाताची नवी करतो. आठ दिसांत पलीकडं पोचाल.”

“पलीकडे कोण आहे?” हरिहरराव म्हणाले.

त्यांनी आराखडा टेबलावर पसरला, पेन्सिलीला टोक केलं आणि सव्वीस वर्षांच्या वळणदार अक्षरात ती राहिलेली ओळ लिहिली:

‘नग दोन. दोन्ही डावेच. बदल करू नये.’