न मोजलेले खण

एका जंगलात, बाळांनो, कागद नव्हता. होती एक लांबलचक भिंत आणि तिच्यात ओळीनं खण. एका खणात एक चिंचोका, चिंचोक्यावर एक अक्षर. नाव संपलं की काळा खडा. भिंतीवर असेल तेच खरं, असा वाघोबा महाराजांचा कायदा होता.

खण भरायचं काम साळोजी साळिंदराचं. झाडाच्या पानावर लिहून आलेलं अक्षर बघायचं, खणात ठेवायचं, काळा खडा येईपर्यंत थांबायचं नाही. तुमच्या या कथेकऱ्यानंही तरुणपणी हीच नोकरी केली आणि अशीच केली.

"भाऊजी, आधी खण किती आहेत ते मोजा की," कासववहिनी म्हणायची.

"मोजत बसलो तर लिहू कधी, वहिनी?"

एक दिवस हत्ती पाहुणा आला. पाहुण्याच्या नावाला खण होते पाच. पानावर होतं 'गजराज महाबली'. साळोजी भराभर ठेवत गेला. पाच खण संपले, नाव काही संपेना. मग शेजारच्या खणांतले चिंचोके खाली पडले आणि उरलेलं नाव तिथे बसलं.

शेजारी अभयाची यादी होती. यादीतल्यांना महाराज खात नसत. तिच्यातलं पहिलंच नाव होतं साळोजी.

गेल्या साली असंच भेकराचं नाव बुजलं होतं आणि महाराजांनी त्याला खाल्लं होतं. तेव्हा साळोजी म्हणाला होता, "बिचाऱ्याचं नशीब!" आता स्वतःचंच नाव बुजलं. 'गाढवा, तेही तूच पुसलं होतंस,' तो मनात म्हणाला. त्याला स्वतःची फार लाज वाटली आणि त्याहून जास्त भीती.

"साळोजी, यादीत तू दिसत नाहीस," महाराज जिभल्या चाटत म्हणाले.

"नजरचूक झाली, महाराज! आत्ता लिहितो."

"मी तोंड धुऊन येतो. तोवर लिहिलंस तर वाचलास."

यादीच्या शेवटी एकाच नावापुरती जागा होती. साळोजी तिकडे धावला. एकदा लिहून भागेल का, या धास्तीनं त्यानं नाव दोनदा लिहिलं. मोजलं अर्थातच नाही. यादीपलीकडचे खण राजाच्या नावाचे होते.

महाराज परतले. राजाच्या खणांत वाघोबा नव्हता, साळोजी होता. त्यांनी पुन्हा पुन्हा वाचलं. कायदा त्यांचाच होता. ते गुपचूप जमलेल्या प्रजेच्या मागच्या रांगेत जाऊन बसले.

"चुकलं हो माझं," म्हणायला साळोजीनं तोंड उघडलं. तेवढ्यात प्रजेनं त्याचाच जयजयकार केला. त्यानं तोंड मिटलं.

"अरे साळोजी..." मागून वाघोबा पुटपुटला.

"महाराज म्हणायचं," साळोजी म्हणाला.

तात्पर्य: छोटी चूक केली तर जीव जातो, मोठी केली तर गादी मिळते. हे सांगणाऱ्यानं जन्मभर छोट्याच केल्या.