सुक कुठे गेला?

शुक्रवारी दुपारी सुक हरवल्याचं कळलं आणि संध्याकाळच्या आत शरदराव दारात हजर झाले. आल्या आल्या त्यांनी स्वतःची ओळख करून दिली. आम्ही एकमेकांचे जुने मित्र आहोत, तरीही.

"दिनकरराव, घाबरू नका. तुमच्यासमोर कोण उभा आहे ते आठवा. र्युसेल्सहाइमला मोटारी तपासण्यात जन्म घालवलेला माणूस! दार लावल्याच्या आवाजावरून मी सांगायचो की बिजागरीला तेल कमी आहे की बसवणाऱ्याचं बायकोशी भांडण झालंय. अख्ख्या युरोपात असे कान दोघांचेच होते. दुसरा म्हणजे मी सुट्टीवर गेलो की माझ्या जागी येणारा माणूस, आणि त्यालाही मीच शिकवला."

"बूट काढून आत या," आतून लतिकाताई म्हणाल्या.

हे मी लिहितोय, पण मला लिहिण्याची सवय नाही. गिअरबॉक्सच्या चाचण्या करत जर्मनीत, त्सुफेनहाउझेनलाच नोकरी संपवली आणि इथेच राहिलो. लिहायला बसलो कारण शरदराव ही केस स्वतः लिहिणार आहेत असं कानावर आलं. त्यांनी लिहिली, तर ती त्यांनीच सोडवलेली असेल.

आधी सुक कोण ते सांगतो. सुक हा जुन्या काळचा चेक संगीतकार. माझी बायको ऊर्मिला व्हायोलिन वाजवायची. इथे आल्यावर तिने आणखी तिघांना गाठलं आणि चौघांचं क्वार्टेट जमवलं. दोन व्हायोलिनं, एक व्हिओला आणि एक चेलो. ऊर्मिलाकडे दुसरं व्हायोलिन. चौघांनाही चेक संगीताचं वेड. घरात कपाटभर सीड्या त्याच. मला चेक म्हटलं की शर्ट आठवायचा. ड्वोर्झाक कुठला आणि स्मेताना कुठला, मला कधी ओळखता आलं नाही. त्यातला स्मेताना नावाने तेवढा लक्षात राहिला, कारण त्याच नावाची आंबट साय इथे दुकानात डब्यात मिळते आणि ऊर्मिला तिचं श्रीखंड करायची.

सुक मात्र मी लगेच ओळखायचो. ती सीडी या चौघांची स्वतःची होती. गल्लीतल्या चर्चच्या हॉलमध्ये रेकॉर्ड केलेली. प्रत एकच. रेकॉर्ड करणाऱ्याचा संगणक पुढे बिघडला, त्यामुळे दुसरी निघणार नव्हती. वाजवायला सुरुवात होण्याआधी त्यात ऊर्मिलाचा आवाज आहे. "आल्झो, चला," एवढंच म्हणते. अर्धं जर्मन, अर्धं मराठी. तिचा आवाज आमच्याकडे दुसरा कुठे नाही. फोटो भरपूर आहेत.

रविवारी तिला जाऊन वर्ष होणार होतं. क्वार्टेटमधले तिघे जेवायला येणार होते आणि जेवणाआधी सुक लावायचा असं ठरलं होतं. ऊर्मिला ती सीडी, गजाला लावायची राळ, जादा तारा असं सगळं लेबकूखनच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. नाताळातली ती मसाल्याची बिस्किटं संपली की डबे आमच्याकडेच राहायचे. हा डबा टीव्हीशेजारी असायचा. शुक्रवारी तो तिथे नव्हता.

"घटनास्थळ दाखवा," शरदराव म्हणाले. मी टीव्हीशेजारची जागा दाखवली. त्यांनी तिच्यावरून बोट फिरवलं आणि बोट उजेडात धरलं. "धूळ नाही. म्हणजे पुरावा नष्ट केलाय. काम सराईताचं आहे."

"मियां पुसलंय," लतिकाताई म्हणाल्या.

लतिकाताई म्हणजे ऊर्मिलाची मोठी बहीण. वर्षाच्या दिवसासाठी वेंगुर्ल्याहून मुद्दाम आल्या होत्या. येताना बॅगेत सोडे, सुकट आणि बोंबील घेऊन आल्या. विमानतळावर कोणी अडवलं नाही. खालच्या मजल्यावरच्या हेर, म्हणजे श्रीयुत, झायबोल्डनी मात्र अडवलं. बॅग उघडली त्याच दिवशी ते वर येऊन बोंबलले, तेही बोंबलांवरूनच. तेव्हापासून ताईंनी सगळं सुकं खाली केलरमध्ये, म्हणजे आमच्या वाट्याच्या तळघरात नेऊन ठेवलं होतं.

शरदरावांनी चौकशीसाठी खुर्ची ओढली. त्यांची पद्धत कारखान्यातली. दोष दिसला की पाच वेळा 'का' विचारायचं. पाचव्या 'का'ला मूळ कारण हाती लागतं.

"ताई, मुद्देमाल शेवटचा कधी पाहिलात?"

"कसलो माल?"

"मुद्देमाल. जो गायब आहे तो."

"मी सोडे, सुकट नि बोंबील हाडलंय. दुसरो माल माका म्हायत नाय."

"बरं. धूळ पुसलीत. का?"

"धूळ होती म्हणान."

"धूळ का होती?"

"कोणी पुसूक नाय म्हणान."

"का पुसली नाही?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी टीव्हीकडे पाहिलं.

"का?" शरदराव पुन्हा म्हणाले. "का?"

"भावोजीनू," ताई मला म्हणाल्या, "रविवारी पानाक कावळो खयसून हाडूचो ह्याची माका काळजी होती. ह्यो घरातच गावलो."

शरदरावांनी ताईंना संशयितांतून वगळलं. "स्वयंपाकघराचा यात हात नाही," असं ते मला म्हणाले. ताई त्यांच्या पुढ्यात चहा ठेवत होत्या, तेव्हाच.

माझी मुलगी ज्ञानदा हेर्त्सोगेनआउराखला बुटांच्या कंपनीत काम करते. ती बुधवारीच घरी आली होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. शरदरावांनी तिला मराठीत विचारलं, तिने जर्मनमध्ये सांगितलं की तिने डबा घेतला नाही, आणि हे फार हास्यास्पद चाललंय.

"हिची भाषा बदलते आहे," शरदराव हळूच म्हणाले. "लक्षात ठेवा."

"ती जन्मापासून बदलते आहे," मी म्हणालो.

शनिवारी पहिला सिद्धांत आला. हेर झायबोल्ड. डोक्यावर इतकी वर्षं सराव ऐकला, सूड घेतला. आम्ही खाली गेलो.

"हेर झायबोल्ड, वरच्या घरातल्या कोणत्या गोष्टीचा तुम्हाला त्रास व्हायचा?"

"फिश," हेर झायबोल्ड म्हणाले.

"संगीताचा नाही?"

"फिश."

"व्हायोलिनचा?"

"फिश!" म्हणून त्यांनी दार लावलं. शरदरावांनी दाराचा आवाज डोळे मिटून ऐकला आणि जिन्यात मला म्हणाले, "खोटं बोलणारा माणूस एकच शब्द धरून बसतो. पण बिजागरी उत्तम आहे."

दुसरा सिद्धांत: डबा पत्र्याचा, म्हणजे कोणीतरी तो चुकून पॅकिंगच्या कचऱ्यात टाकला. तो कचरा इथे पिवळ्या पिशव्यांत भरून रस्त्यावर ठेवतात. मी थांबवायच्या आत शरदरावांनी आमची पिशवी उघडली, मग शेजारची, मग समोरच्या इमारतीच्या. दह्याचे डबे फुटपाथवर मांडून त्यांचा पंचनामा सुरू केला. समोरच्या आजी खिडकी उघडून म्हणाल्या की पोलिसांना बोलावते. "गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर, असं शरदराव खालून ओरडले, "मी त्याच लाइनमधला!" मग त्यांनी सगळं घाईघाईने मिळेल त्या पिशवीत कोंबलं, त्यात कोणाची तरी काचेची बाटली गेली. जर्मनीत चोरी एक वेळ पोटात घालतील. काच पिवळ्या पिशवीत घालणं नाही. आजी खाली उतरल्या आणि आम्हा दोघांना ती शोधायला लावली. बाटली सापडली. या तपासात शरदरावांनी स्वतः शोधून काढलेली वस्तू ती एकच.

तिसरा सिद्धांत क्वार्टेटमधल्या पहिल्या व्हायोलिनवर होता. दुर्मिळ सुक तो प्रागला नेऊन खपवणार. पण तो गृहस्थ महिनाभर गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे घरातून हललेला नाही, असं ज्ञानदाने सांगितलं. जर्मनमध्ये सांगितलं, म्हणून शरदरावांनी ते दोनदा तपासलं.

मग ते माझ्यासमोर येऊन बसले.

"दिनकरराव, राग मानू नका. अशा केसमध्ये पहिला संशयित नवराच असतो."

"कशावरून?"

"दुःखात माणूस वस्तू लपवतो. ऐकवत नाही म्हणून. नंतर विसरतोही. आल्झो, कुठे ठेवलीत?"

"शरदराव, या घरातली वस्तू कुठे आहे हे मला कधीच माहीत नव्हतं," मी म्हणालो. "चष्मा कुठे, किल्ली कुठे, मी ऊर्मिलाला विचारायचो. मला लपवताच येणार नाही. लपवायला आधी ती सापडावी लागते."

हाही पुरावा आहे, असं ते म्हणतील असं मला वाटलं होतं, पण तसं म्हणाले नाहीत. उठून त्यांनी सोफ्याच्या गाद्या पुन्हा एकदा काढून बघितल्या. मीही एक बाजू धरली.

संध्याकाळी ताईंनी दारातून विचारलं, "भावोजीनू, उद्या सुकां करूचा नाय मां?"

"नाही हो ताई. वर्षाचा दिवस. उद्या शाकाहारी."

"तर मगे सुकां खालीच रवांदे," ताई म्हणाल्या आणि गेल्या.

आम्ही दोघं गाद्या परत लावत होतो. शरदराव म्हणाले, "बघा, आपल्यावर काय प्रसंग आहे आणि बायकांना मासे सुचतात."

रविवारी तिघे आले. फ्राउ ब्रेन्नर, म्हणजे ब्रेन्नरबाई, चेलो वाजवतात. बाकीचे दोघे फारसं बोलत नाहीत. पहिलं व्हायोलिन काठी टेकत आलं, तेव्हा शरदरावांनी काठी निरखून पाहिली. ताईंनी ऊर्मिलाच्या फोटोला हार घातला, पान वाढून गच्चीच्या कठड्यावर ठेवलं. कावळा आला, जर्मन होता, पण लगेच शिवला. मी आत येऊन पाहुण्यांना सांगायची तयारी करत होतो की सीडी हरवली आहे. जर्मनमध्ये वाक्य जुळवत होतो. क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे वाईट बातमीला वेळ लागतो.

तेवढ्यात फ्राउ ब्रेन्नर टीव्हीशेजारी गेल्या. रिकामी जागा बघितली, वळल्या आणि समोर पोळ्यांचं ताट घेऊन उभ्या असलेल्या ताईंनाच सुक कुठे आहे ते विचारलं, "व्हो इस्ट सुक?"

ताईंना जर्मनचा एक शब्द येत नाही. पण त्या अडखळल्या नाहीत.

"सुकां? ता खाली आसा."

मी जुळवत असलेलं वाक्य सोडून दिलं.

"ताई," मी म्हणालो, "काय म्हणालात?"

"ही बाय सुकां मागता. तिका सांगा, आज खावचा नाय, उद्या ये. सगळा तळघरात आसा. सोड्यांचो डबो, बोंबलांचो डबो, नि तो नक्षीचो."

"नक्षीचा कुठला?"

"तोच, टीव्हीकडचो. ह्या चेडवाक इचारलंय मियां, ह्या डब्यात काय आसा गो? कानात ता वायर घालून बसलेला. म्हणाला, 'सुक'. मी म्हटलंय, देवा, बोंबील बसायच्या खोलीत! खालचो म्हातारो परत वर येतलो. नेऊन ठेवलंय."

ज्ञानदाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग तिच्या तोंडून चक्क मराठी बाहेर पडलं. "मावशी, अगं तो सुक माणूस आहे!"

"माणूस?" ताई म्हणाल्या. "डब्यात?"

डबा मीच वर आणला. बोंबलांच्या आणि सोड्यांच्या मधे होता. राळेला वास लागला आहे, तो जाणार नाही. सीडी ठीक होती. शरदरावांनी ती उजेडात धरून दोन्ही बाजूंनी तपासली आणि पाहुण्यांना जर्मनमध्ये सांगितलं की काम घरातल्याच व्यक्तीचं आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ताईंनी त्यांच्या पानात पुरणपोळी जरा जोरात वाढली.

सीडी लावली. "आल्झो, चला," ऊर्मिला म्हणाली. ताई खुर्चीवर बसल्या त्या बसल्याच. ज्ञानदा खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मग सुक सुरू झाला. नेहमीसारखं मला फार कळलं नाही, पण दुसरं व्हायोलिन कुठलं ते ओळखू आलं. शरदरावांनी डोळे मिटले होते. एकदा मात्र ते न राहवून माझ्याकडे वाकले आणि म्हणाले, "वहिनी कुठेच घाई करत नाहीत." ते बरोबर होतं.

आवाज थांबला तसा मी नेहमीप्रमाणे टाळ्या वाजवायला हात उचलले. फ्राउ ब्रेन्नर माझ्याकडे बघून हसल्या.

"संपलं नाही, हेर दिनकर. हे तीनच भाग आहेत. त्या दिवशी हॉलची वेळ संपली. ऊर्मिला म्हणाली, चौथा ईस्टरनंतर करू."

मला आजवर वाटायचं, सुक तिथेच संपतो. सीडी संपायची, म्हणून.

चौथा भाग रेकॉर्ड करायचा राहिला आहे. दुसऱ्या व्हायोलिनसाठी अजून कोणी मिळालेलं नाही.