रेवाचा रविवार

आमच्या घरी दूध उतू जातं ते बहुतेक वेळा रेवाच्या डोळ्यांदेखत. ती गॅससमोर उभी असते, नजर भांड्यावर असते, हात मात्र बटणाकडे जात नाही. माझी बायको आतून धावत येते, गॅस बंद करते आणि विचारते, "अगं, दिसत नव्हतं का तुला?"

"दिसत होतं ना मामी. म्हणून तर बघत होते. साय आधी एका बाजूनं फुगते. हे लिहिण्यासारखं आहे."

ओटा पुसायला मामी, लिहायला रेवा. आमच्या घरातली कामाची वाटणी ही अशी आहे.

रेवा माझी भाची. माझ्या थोरल्या बहिणीची, म्हणजे धुळ्याच्या अक्काची मुलगी. अकरावीला जळगावात प्रवेश मिळाला म्हणून ती आमच्याकडे राहायला आली. आमचा मुलगा पुण्याला असतो, त्याची खोली रिकामी होती. मला वाटलं होतं, एक सुटकेस आणि थोडी पुस्तकं येतील. त्याबरोबर ब्लॉग येईल असं अक्कानं सांगितलं नव्हतं.

ब्लॉगचं नाव 'पेन, पाणी आणि मी'. तिच्या वयाची मुलं फोनसमोर नाचतात, ओठ हलवतात, दोन मिनिटांत मोकळी होतात. रेवाला ते हलकं वाटतं. ती लिहिते. रोज लिहिते. ताप आला तरी लिहिते, आणि त्या दिवशी तापाविषयी लिहिते. वाचक बोटांवर मोजण्याइतके. तरी सुरुवात "वाचकहो" अशी, जणू सगळा खानदेश चहा थांबवून वाट बघत बसला आहे. जेवायला बसली की पहिल्या घासाआधी ताटाकडे टक लावून बघते. फोटो काढत नाही. "फोटोत वास येत नाही मामा," म्हणते. वास काय तो हिच्या लेखात येतो.

एकदा तिनं लिहिलं, "मामींच्या आजच्या भरतात मीठ कमी होतं. मामांच्या लक्षात आलं, पण ते बोलले नाहीत. मामा अशा वेळी बोलत नाहीत." दुसऱ्या दिवशी कॉलनीच्या फाटकावर शेजारच्या महाजनांनी मला अडवलं. "काय साहेब, काल भरीत अळणी होतं म्हणे?" मी पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलेला माणूस. कुठल्याही प्रश्नाला उत्तर न देता हसण्याची सवय आहे. पण घरी बायको हसली नाही. मीठ कमी असल्याचं तिला एवढं लागलं नाही. माझ्या लक्षात आलं होतं आणि मी बोललो नव्हतो, याचं लागलं. तेव्हापासून ब्लॉगचा सर्वांत नियमित वाचक म्हणजे माझी बायको. ती चष्मा लावून, ओठ आवळून, आरोपपत्र वाचावं तशी वाचते.

माझ्यावरही एक लेख झाला. 'आमचे मामा : एक शांत माणूस'. त्यात होतं की मामा सकाळचं वर्तमानपत्र संध्याकाळी पुन्हा वाचतात, आणि दोन्ही वेळा त्यांना ते नवीन वाटतं. मी त्यावर काही बोललो नाही. बोललो असतो तर तेही छापून आलं असतं.

अभ्यासाचं म्हणाल तर तिच्या खोलीच्या भिंतीवर वेळापत्रक आहे. पाच रंगांत. ते रंगवण्यात एक आठवडा गेला आणि त्या आठवड्याचा अभ्यास काही त्यात बसला नाही. "वेळ नसतोच मामा, तो वाटून घ्यावा लागतो," हे तिचं आवडतं वाक्य. याच विषयावर तिनं एका सकाळी लांबलचक लेख लिहिला : विद्यार्थ्यानं शाळा, समाजसेवा आणि लेखन यांचा मेळ कसा घालावा. लिहिता लिहिता उशीर झाला आणि भौतिकशास्त्राचं प्रॅक्टिकल बुडालं.

मी म्हटलं, "हे पण लिही."

"लिहिलं मामा. खाली टीप टाकली आहे."

अशा मुलीला टोमणा मारून उपयोग काय?

राहता राहिली समाजसेवा. उन्हाळा लागला की भुसावळ स्टेशनवर काही माणसं जनरलच्या डब्यांना पाणी देतात. गाडी उभी राहते तेवढ्या वेळात खिडक्यांतून बाटल्या घ्यायच्या, भरायच्या, परत द्यायच्या. पुण्यकर्म आहे, मी नाही म्हणत नाही. पण रेवा त्यासाठी दर रविवारी पहाटे उठून पॅसेंजरनं भुसावळला जायची. घरात स्वतःचा प्यालेला तांब्या उचलून ठेवत नाही आणि बिहारच्या माणसाला पाणी पाजायला भुसावळला जाते. याला आमच्याकडे लष्कराच्या भाकऱ्या म्हणतात.

"जळगावात तहानलेली माणसं नाहीत का?" मी विचारलं होतं.

"आहेत ना. पण ती घरी जाऊन पितात."

मग अकरावीचा निकाल लागला. भौतिकशास्त्रात ती काठावर तरली. अक्काचा फोन आला. अक्का अंगणवाडीत शिकवते, गावातल्या लेकरांशी गोड बोलते, माझ्याशी नाही.

"भाऊ, बारावी शे तिनी. आते हाई पानी, हाई लिखनं, बठ्ठं पुरं. तू एकदाव जाय, दख, आनि मले सांग. तू बंद म्हनशी तं बंद."

"दखसु अक्का," मी म्हटलं. बघतो म्हणायला काय जातं?

खरं सांगायचं तर निकाल मी आधीच लावला होता. रविवार बंद. क्लासची सुट्टीतली बॅच रविवारी ठेवता येईल, ब्लॉगही आपोआप थंडावेल आणि आमच्या भरतात मीठ किती हे भरीत खाणाऱ्यांपुरतं राहील. तरी जाऊन बघितलं असं म्हणता यावं, एवढ्यासाठी मी तिच्याबरोबर निघालो. पॅसेंजरमध्ये ती खिडकीशी बसली. पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "तुम्ही तपासायला येताय, मला माहिती आहे. आईनं सांगितलं."

"मग?"

"मग काही नाही. टोपी आणली का? तिकडं ऊन लागतं."

टोपी मी आणली नव्हती. तिनं पिशवीतून जास्तीची काढून दिली. तपासणीला आलेल्या माणसानं असलं काही घेऊ नये, पण घेतली.

भुसावळच्या फलाटावर पत्र्याखाली निळे ड्रम मांडलेले होते. चार-पाच मंडळी होती आणि त्यांच्यावर एक नाना होते, रेल्वेतून निवृत्त झालेले. मी लांब, सावलीत, हात मागे बांधून उभा राहिलो. तिथं दिसलेली रेवा मी घरी कधी बघितली नव्हती. गाडी अजून सरकत होती तोच ती जनरलच्या डब्याला लागली, आणि एवढा आवाज कुठून आला कोण जाणे. "बोतल बाहर! ढक्कन अपने पास रखो, भैया! अम्मा, तुम्हारी दो, पहले तुम्हारी!" एका हातात दोन बाटल्या, दुसऱ्या हातात पाण्याचा जग. बघत राहणं नाही, लिहिण्यासारखं-बिहिण्यासारखं नाही. दूध असतं तर उतू गेलं नसतं.

नाना माझ्याजवळ आले. "साहेब, उभे काय राह्यले? हा जग धरा. एकच ध्यानात ठेवा. शिट्टी झाली का बाटली आधी वापस, पाणी मंग. अर्धी तर अर्धी."

पुढच्या गाडीला मी मागच्या बाजूच्या डब्याला उभा राहिलो. खिडकीत एक बाई होती, हिरवी साडी, मांडीवर लहान मुलगी. उन्हानं मुलीचे गाल लाल झाले होते. बाईनं बाटली बाहेर दिली, झाकण मुठीत ठेवलं. मी भरायला लागलो आणि शिट्टी झाली. मला ऐकू आली नाही असं मी म्हणणार नाही. ऐकू आली. पण बाटली अर्धीच भरली होती आणि समोर लेकरू होतं. मी म्हटलं, काठोकाठ भरून देऊ. आयुष्यात कधी नव्हे ते एक काम मनापासून करायला गेलो. बाटली भरली तेव्हा खिडकी पुढे गेली होती. मी धावलो. माझ्या वयाचा माणूस जेवढा धावतो तेवढा धावलो. बाईचा हात गजातून बाहेर होता, बोटं उघडी होती. मग फलाट संपला.

माझ्या हातात भरलेली बाटली, तिच्या मुठीत झाकण. पुढे जळगावपर्यंत उन्हात रखरखीत रूळ. मी तिथंच एका बाकावर बसलो. पाणी द्यायला आलेल्या माणसानं तहानलेल्या लेकराच्या तोंडचं पाणी पळवलं होतं.

रेवा धावत आली. बाटली बघून तिला कळलं. तिनं डबा कुठला, खिडकी कितवी, बाई कशी होती एवढंच विचारलं आणि फोन लावला. "दादा, आत्ता निघालेली गाडी. मागून दुसरा जनरल, फलाटाच्या बाजूची चौथी-पाचवी खिडकी, हिरव्या साडीची बाई, मांडीवर मुलगी. बाटली राहिली. हो, आपल्याकडून." मग माझ्याकडे वळली. "जळगावला आपली माणसं आहेत. नवी बाटली देतात. पाणी देतात, बिस्किटपण देतात."

"लिही आता," मी म्हटलं. आवाज माझा मलाच कडू लागला. "मामांनी गरिबाची बाटली लांबवली. चांगला लेख होईल."

"असलं मी लिहीत नाही."

"का? माझं अळणी भरीत लिहितेस."

"भरताचं हसू येतं मामा. याचं तुम्हाला रडू येतंय." ती बाकावर बसली, दोघांत थोडं अंतर ठेवून. "माझ्याकडूनही राहिली होती. पहिल्याच रविवारी. प्रत्येकाकडून एक राहते. नाना म्हणतात, चांगल्या माणसाकडून लवकर राहते, कारण तो पूर्ण भरायला जातो."

थोड्या वेळानं तिचा फोन वाजला. तिनं ऐकलं आणि मला एवढंच सांगितलं, "मिळालं. पोरगी बिस्कीट खातेय." मी टोपी काढून तोंड पुसलं.

गाड्यांच्या मधे मोकळा वेळ होता. नाना आणि मंडळी सावलीत जेवायला बसली होती. मला वाटलं आपण काहीतरी बोलावं. पण भाचीशी काय बोलायचं असतं, याचा मला सराव नव्हता. मी विचारलं, "हे रोज रोज लिहायचं कशाला गं? कोणी वाचत तर नाही."

"मामी वाचतात."

"मामी सोडून."

ती चपलेच्या टोकानं फरशीवरची धूळ सारत राहिली. "धुळ्याला मी ओट्यावर बसून आईला सगळं सांगायचे. शाळेतून आले की. कोण काय बोललं, बसमध्ये कोण चढलं. आई भाकरी थापायची आणि 'मंग?' म्हणायची. ऐकायची की नाही माहीत नाही, पण म्हणायची. इथं आले तर पहिल्या दिवशी सांगायला गेले, तर तुम्ही पेपर वाचत होतात. मामींची मालिका होती." तिनं तक्रार केली नाही. घड्याळात किती वाजले हे सांगावं तसं सांगितलं. "मग लिहायला लागले. लिहिलं की सांगितल्यासारखं होतं."

"आणि कॉलेजात? मैत्रिणी?"

"आहेत. पण त्यांचा ग्रुप आधीचाच आहे." मग एकदम उठली. "गाडी आली. या वेळी तुम्ही फक्त बाटल्या परत द्या, भरू मी."

मी फक्त परत दिल्या. गाडी सुटली तसे बाकीचे सावलीकडे वळले. रेवा मात्र फलाटाच्या कडेपासून दोन पावलं मागे उभी राहून हात हलवत राहिली, प्रत्येक डब्याला, अगदी शेवटच्या डब्यापर्यंत. आणि खिडक्यांतून, दारांतून, गजांमधून हात हलत होते. तिला ओळखत नसलेली एवढी माणसं तिला निरोप देत होती.

एक वर्ष ही मुलगी माझ्या घरात जेवत होती. मी तिला रोज एकच प्रश्न विचारला होता : अभ्यास झाला का?

परतीच्या पॅसेंजरमध्ये मी अक्काला फोन लावला. रेवा समोर बसून खिडकीबाहेर बघत होती, पण तिचा कान माझ्याकडे होता. 

"काय रे भाऊ, दखं का?"

"दखं. तिना रवार राहू दे, अक्का."

"आनि अभ्यास?"

"तो मी दखसु. रोज संध्याकायले, संगे बसीसन."

"तू?" अक्का हसली. "तुनाच कवय व्हयना अभ्यास?" माझा स्वतःचा अभ्यास कधी झाला नव्हता, हे तिला पाठ होतं.

रेवा खिडकीबाहेर बघतच राहिली. नंतर तिनं पिशवी उघडली, चिवड्याची पुडी काढली आणि अर्ध्याहून जास्त माझ्या तळहातावर ओतली.

संध्याकाळी जेवायला बसलो. बायकोनं टीव्ही लावला होता, मी उठून बंद केला. तिनं माझ्याकडे बघितलं, मग रेवाकडे, आणि वाढायला घेतलं. वर्तमानपत्र मी घडी करून कपाटावर ठेवलं होतं.

"आज काय काय झालं?" मी विचारलं.

रेवानं संशयानं बघितलं. "तुम्ही होतात ना तिथं."

"मामी नव्हत्या. आणि मला सगळं कुठं दिसलं?"

ती सुरू झाली. पहाटेपासून. पॅसेंजरमध्ये समोर बसलेल्या माणसाच्या कोंबडीपासून. कोंबडी मी बघितलीच नव्हती. तुम्हाला खरं सांगतो, फार लांबण लावते ही मुलगी. कुठं थांबावं कळत नाही, एका गोष्टीत दुसरी घुसवते, मूळ गोष्ट फलाटावरच राहते. वरण थंड झालं. बायकोनं दोनदा गरम करून आणलं. मला झोप येत होती, पाय दुखत होते, आणि गाडी अजून जळगावच्या स्टेशनातूनही सुटली नव्हती.

"मग?" मी म्हटलं.