कोरडं हाय, बसा

म्हस्कूआप्पांची मोटार ओली असताना जगबुडी आली असती, तर आप्पांनी आधी मोटार पुसली असती आणि मग बुडायचं की पोहायचं ते ठरवलं असतं. खोटं वाटत असेल तर इनामगावात कुणालाही विचारा. सरपंचांच्या थोरल्या मुलाच्या लग्नात नवरदेव बाशिंग बांधून ओट्यावर घामाघूम उभा, वऱ्हाडाचा टेम्पो कधीच पुढे गेलेला, मांडवातून निरोपावर निरोप, आणि आप्पा मागच्या चाकाची टोपी पुसताहेत.

"आप्पा, मुहूर्त टळंल की हो!" सरपंच हात जोडून उभे.

आप्पांनी मान वर केली नाही. "मुहूर्त दुसरा घावंल. वल्या अंगानं ती भायेर पडायची न्हाई."

शेवटी नवरदेवाने स्वतःचा जरीचा शेला काढून पुढे केला. आप्पांनी तो बोटांत चोळून पाहिला आणि परत दिला. "ऱ्हाऊ द्या. जर टोचती तिला."

"ती" म्हणजे मोटार. पांढरी, जुनी, आप्पांच्या आधी दोघांनी वापरून कंटाळलेली. आप्पांचं घराणं मेंढरांचं. अर्धं आयुष्य त्यांनी मेंढरांमागे गावोगावच्या वाटा तुडवल्या. पुढे कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, मेंढरं गेली आणि दारात मोटार आली. मेंढरं गेली म्हणते खरी, पण ती फक्त दावणीवरून गेली. आप्पांच्या डोक्यातून एकही मेंढरू हललं नव्हतं. मोटारीच्या आरशांना ते कान म्हणत, दिव्यांना डोळे, आणि डिकी त्यांच्या लेखी शेपटाखालची जागा होती.

मी तेव्हा गावच्या शाळेत शिक्षिका होते. आप्पांच्या समोरच्याच दोन खोल्यांत सासूबाईंबरोबर राहायचे. यांची नोकरी दौंडला रेल्वेत, त्यामुळे हे सुट्टीला येत. एरवी माझ्या करमणुकीला समोर मोटार पुसण्याचा कार्यक्रम असे.

तो बघण्यासारखाच असायचा. बादल्यांनी आंघोळ झाली की आप्पा आत बसून मोटार चार हात पुढे नेत आणि करकचून ब्रेक मारत. टपाच्या पन्हाळीतलं पाणी धबकन खाली येई. "झाडलं बघा अंग!" ते मला ओरडून सांगत. मग जुन्या धोतराच्या फडक्याने तोंडाकडून शेपटाकडे पुसायला सुरुवात. उलटा हात कधी मारायचा नाही. मेंढराला केसांच्या वळणानं पुसतात, तसंच. शेवटी फडकं खांद्यावर टाकून उघड्या तळहाताने सगळ्या अंगावरून फिरायचं. "फडक्याला वल कळत न्हाई, तळव्याला कळती."

एकदा मी वर्गात बाष्पीभवन शिकवून आले होते. अंगात ताजं ज्ञान होतं. म्हटलं, "आप्पा, एवढं रखरखीत ऊन पडलंय. पाणी आपोआप वाळेल की."

"पानी आपसूक वाळत नसतंय, बाई. वाळवावं लागतंय."

"अहो, मी आत्ताच मुलांना शिकवून आले."

"शाळंत वाळत आसंल," आप्पा म्हणाले आणि दाराच्या फटीत बोट घालून ओल शोधू लागले.

या माणसाला ओली म्हणावी अशी एकच गोष्ट प्रिय होती, आणि तिचं नाव कोरड्यास. भाकरीबरोबरच्या कालवणाला आमच्याकडे कोरड्यास म्हणतात. हे नाव ठेवणारा आप्पांचाच कुणी पूर्वज असणार, अशी मला दाट शंका आहे.

पुसणं संपलं की एक शेवटचा विधी असे. ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढे जो कप्पा असतो, त्याला आप्पांनी कुलूप बसवून घेतलं होतं. ते उघडायचं, आत हात घालून क्षणभर थांबायचं, पुन्हा कुलूप लावायचं. त्या कप्प्यात काय आहे यावर पारावर पैजा लागत. कुणी म्हणे सोनं, कुणी म्हणे गावठी पिस्तूल. पिस्तूल म्हणणारे जास्त होते. विचारलं तर आप्पांचं एकच उत्तर, "कोरडं हाय." आणि मोटारीत बसायची परवानगीही याच शब्दांत मिळे. "कोरडं हाय, बसा."

हौसामावशी, म्हणजे आप्पांची बायको, बोलायला फटकळ. "आमच्या घरात एक सवत हाय, आन् ती बी पेट्रोल पिती," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. दोघांना मूलबाळ नव्हतं. गावाने त्याचा संबंध मोटारीशी जोडून टाकला होता. पोर नाही म्हणून पोरासारखी मोटार सांभाळतो, असं म्हणून लोक मोकळे होत. मीही तसंच म्हणे.

मला दिवस गेले तेव्हा दवाखान्यात नाव दौंडला घातलं. पहिलं बाळंतपण, रीतीप्रमाणे माहेरी, केंदूरला व्हायचं. पण माझा रक्तदाब वाढलेला. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "घरी बाळंत व्हायचं नाव काढू नका. दुखायला लागलं की थेट इथं." तेव्हा असं ठरलं, की थोडे दिवस केंदूरला आराम करायचा आणि दिवस भरत आले की दौंडला यायचं. दुपटी, टोपडी, झबली आईने शिवून केंदूरलाच ठेवलेली. केंदूरला सोडायचं काम आप्पांनी स्वतःकडे घेतलं होतं. "बाई, एस्टीत धक्कं बसतील. माझी मोटार हाय की."

रविवार होता. आप्पा पहाटेपासून मोटारीच्या मागे लागले होते. मला सोडायचं म्हणून त्या दिवशी आंघोळ जास्तच दांडगी. मी ओट्यावर बसून बघत होते आणि पोटात पहिली कळ आली. वाटलं, रात्रीची वांगी बाधली. दुसरी आली तेव्हा मी ओट्याचा खांब धरला. तिसरीला वांग्यांवर आळ घेणं सोडून दिलं.

सासूबाई धावतच रस्त्यावर गेल्या. "आप्पा, गाडी काढा! केंदूर ऱ्हायलं, दौंडला चला!"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मोटारीच्या अंगावरून पाण्याचे ओघळ चाललेले. आणि या गृहस्थाने खांद्यावरचं फडकं काढून टप पुसायला घेतला!

गल्ली गोळा झाली. जो तो ओरडत होता. कुणी एस्टीची चौकशी केली तर ती नुकतीच गेलेली. सरपंचांची जीप शिरूरला. ट्रॅक्टर होता, पण कळा देणाऱ्या बाईला ट्रॅक्टरवर कोण बसवणार? डॉक्टरीणबाईंचे शब्द माझ्या कानात घणासारखे पडत होते. डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले, आणि समोर आप्पांचा हात बॉनेटवरून शेपटाकडे, बॉनेटवरून शेपटाकडे. खरं सांगते, त्या वेळी मला त्यांचा गळा धरावासा वाटला. आयुष्यात कुणाचा इतका संताप मला आलेला नाही.

"अहो, पाणी गेलं पोरीचं!" सासूबाई किंचाळल्या.

आप्पांचा हात थांबला. त्यांनी फडकं टाकून दिलं आणि मागचं दार उघडलं. मला वाटलं, सुटले. पण मागची काच उघडी राहिल्यामुळे बादलीचं पाणी आत गेलं होतं आणि सीट भिजली होती. आप्पा गुडघे टेकून आत शिरले. धोतराचा सोगा सोडून सीट पुसायला लागले. दाबून पुसत होते, पिळत होते, तळवा लावून बघत होते, पुन्हा पुसत होते.

"आता काय म्हणावं या माणसाला!" सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "मावशी, तुमी तरी सांगा की!"

एरवी नवऱ्याची सालं काढणारी हौसामावशी मला धरून उभी होती. ती हळूच म्हणाली, "पुसू द्या त्यास्नी. जरा दम धरा."

मला दोघंही वेडी वाटली.

तेवढ्यात मावशीने घरातून पोती आणली, घोंगडी आणली, ती सीटवर पडली. आप्पांनी घोंगडीवरून तळवा फिरवला आणि बाहेर आले. "कोरडं हाय. बसा, बाई."

आणि बाहेरून निथळणारी मोटार आप्पांनी तशीच रस्त्याला घातली. गल्ली आ वासून बघत राहिली.

तो रस्ता मी अजून विसरलेले नाही. खड्डा आला की मी दोन्ही बाजूंना बसलेल्या सासूबाई आणि मावशीचे हात आवळी. ओल्या मोटारीवर उसाच्या गाड्यांची धूळ बसून चिखल होत होता. पुढची काच तेवढी आप्पा हात बाहेर काढून पुसत, बाकी तिच्या रूपाकडे बघायला त्यांना वेळ नव्हता. एरवी बैलगाडीला वाट देत जाणारा माणूस वाऱ्यासारखा सुटला होता. हॉर्न म्हणजे शिवी, असं मानणारे आप्पा त्या दिवशी समोरच्याला शिव्या देत दौंडपर्यंत गेले.

आणि दौंडच्या तोंडाशी फाटक पडलेलं.

मालगाडी सरकत होती. डबा, डबा, आणखी डबा. माझ्या तोंडातून आवाज फुटत होता तो माझा मलाच ओळखू येईना. आप्पा खाली उतरले, फाटकापाशी गेले, परत आले, पुन्हा गेले. करण्यासारखं काहीच नव्हतं. मग ते माझ्या बाजूच्या काचेशी येऊन उभे राहिले आणि काचेवरचा चिखल तळहाताने पुसायला लागले. तोंडाने पुटपुटत होते, "आलं, बाई, आलंच. भ्यायचं न्हाई." भ्यायलेले तेच दिसत होते. म्हाताऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

फाटक उघडलं. पुढचं मला धड आठवत नाही. दवाखान्याची पायरी, स्ट्रेचर, डॉक्टरीणबाईंचा ओरडा, आणि मग एक बारीक, चिडका, रडका आवाज. मुलगी झाली होती.

सिस्टरने दार उघडून सासूबाईंना हाक मारली. "बाळाला गुंडाळायला कोरडं, मऊ कापड द्या. लवकर!"

दुपटी सगळी केंदूरला! सासूबाईंनी पिशवी उलटी केली, तर डिंकाचे लाडू आणि माझ्या शाळेच्या रजेचा अर्ज. पदर घामाने चिंब. मावशीचाही तसाच. सासूबाई रडायच्या बेतात आल्या होत्या. तेवढ्यात आप्पा जिन्यावरून दमत वर आले. हातात खताच्या पोत्यातला आतला प्लास्टिकचा कागद, दोऱ्याने बांधलेला. त्यांनी तो मावशीच्या हातात दिला आणि तोंड फिरवून खाली निघून गेले.

आत दुपटं होतं. जुन्या लुगड्याचं, दुहेरी, बारीक टाक्यांचं. घड्यांवर पिवळे पट्टे पडलेले, पण मऊ. आणि खडखडीत कोरडं.

संध्याकाळी मुलगी माझ्या कुशीत त्याच दुपट्यात झोपली होती. मी मावशीला विचारलं, "कप्प्यातलं हेच का?"

मावशी बराच वेळ दुपट्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "आमी मेंढरं घिऊन चाललेलो, बाई. घोड नदीच्या काठाला मेंढरांचा वाडा उतरला आन् आवकाळीनं गाठलं. गारा म्हंजी ह्या एवढाल्या. घोंगडी वली, गाठुडी वली, जळण वलं. त्यातच पोरगं झालं. पुसायला हातभर कोरडं चिंधूक न्हवतं. ह्यांनी तळव्यानं पुसलं त्याला. नुसत्या तळव्यानं. दिस उगवंपतुर पुसत बसले हुते. वरनं पानी पडतंय, आन् हे आपले पुसत्यात."

तिने डोळ्यांना पदर लावला नाही. आवाज तेवढा खाली गेला. "थंडीनं गेलं ते. मग म्या हे शिवलं, फुडच्या येळंला आसावं म्हून. फुडची येळ काय आली न्हाई. मी म्हनलं, द्या कुनाला तरी. तर म्हनले, ऱ्हाऊ दे, कोरडं हाय."

सकाळी ज्याचा गळा धरावासा वाटला, त्या माणसाला बघण्यासाठी मी आता दाराकडे डोळे लावून बसले. आप्पा काही वर येईनात. खाली मोटार पुसत असतील, असं सासूबाई म्हणाल्या. निरोप मिळताच ड्यूटीवरून आलेले हे शेवटी खाली गेले. मोटार तशीच चिखलाने माखलेली, आणि आप्पा शेजारच्या दगडावर नुसते बसून होते. यांनी हाताला धरूनच त्यांना वर आणलं.

ते दारातच थबकले. "माजं हात मळल्यात."

"असू देत, आप्पा. या."

धोतराला हात पुसत, पुसत, पुन्हा पुसत ते खाटेजवळ आले. वाकले. उघडा तळवा मुलीच्या कपाळावर ठेवला आणि जावळाच्या वळणाने, अगदी हलक्या हाताने, मागे नेला. एकदा. पुन्हा एकदा.

"कोरडी हाय," ते म्हणाले.

मी म्हटलं, "घ्या ना तिला."

त्यांनी दुपट्यासकट घेतली. त्या हातांनी किती कोकरं उचलली असतील, पण आता ते असे अवघडले होते, की श्वाससुद्धा घेत नव्हते. आणि आमच्या कन्यारत्नाने नेमका तोच मुहूर्त साधला. दुपट्यावर एक डाग उमटला, पसरला, आणि आप्पांच्या कोपरावरून थेंब खाली टपकले.

इतकी वर्षं कुलपात जपलेलं ते दुपटं! सासूबाई पुढे धावल्या. "आणा, आणा इकडं. लगीच पिळून वाळत घालते."

आप्पांनी मुलीला आणखी जवळ ओढलं. त्यांचे डोळे गळत होते आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

"आसू द्या," ते म्हणाले. "वाळंल आपसूक."