तिसऱ्या हाकेला उठायचं असतं

आधीच सांगून ठेवतो, मी खोटं बोलत नाही. खरं असतं तेच सांगतो, फक्त जरा पोटभर वाढतो! आता त्र्याऐंशी साली कोलशेतच्या खाडीत मी नुसत्या हातांनी मासा धरला, तो एवढा मोठा निघाला की त्याला रिक्षातून घरी आणावं लागलं आणि रिक्षावाल्यानं त्याची वेगळी सीट धरली. यात खोटं काय आहे? रिक्षा तर होत्याच की तेव्हा!

पण माझी नात सान्वी हिला हे पटत नाही. वय वर्षं दहा, पण उलटतपासणी अशी घेते की वकिलांनी शिकवणी लावावी. हे आजीकडून आलंय. माझी बायको सुमती ठाण्याच्या कोर्टात छत्तीस वर्षं लघुलेखक होती. समोरच्यानं तोंड उघडलं की हिची पेन्सिल चालू! निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी पर्समध्ये वही असतेच. भाजीवालासुद्धा हिच्याशी बोलताना घसा खाकरून घेतो.

तर एका संध्याकाळी सान्वीनं जाहीर केलं, "बुधवारी शाळेत आजी-आजोबा दिन आहे. प्रत्येकाच्या एकाच आजी किंवा आजोबांनी येऊन एक खरा अनुभव सांगायचा. खरा!"

"मग सांगतो की! त्र्याऐंशी साली खाडीत..."

"मासा नको. गेल्या वर्षी मी वर्गात सांगितलेला तुझा मासा. बाईंनी विचारलं, रिक्षात आडवा ठेवला की उभा? सगळे हसले, आजोबा. मला हसले."

मी चष्मा पुसला.

"म्हणून यंदा मी डोंबिवलीच्या आबांना नेणार आहे."

डोंबिवलीचे आबा म्हणजे सीतारामपंत, माझ्या सुनेचे वडील. सज्जन माणूस. इतका सज्जन की त्यांच्याशेजारी दहा मिनिटं बसलं तर आपली पापं आठवायच्या आधी झोप लागते! ते वर्गात सांगणार होते, 'मी सोसायटीची पाण्याची टाकी कशी धुवून घेतली.' खरा अनुभव! फोटोंसकट!

टाकीपुढे हार मानायची? मी?

"काय केलं तर तुला माझं पटेल?" मी विचारलं.

तिनं बापाच्या फोनवर एक जाहिरात काढून दाखवली. रविवारी कोलशेतला फायटिंग गेमची स्पर्धा. म्हणजे टीव्हीवर दोन माणसं एकमेकांना बडवतात आणि आपण समोर बसून बटनं दाबायची. वयाची अट नाही. हाच खेळ सान्वीकडे आहे, आणि शिकायला लागल्याच्या पाचव्या दिवशी मी तिला हरवलेलं होतं. (ती तेव्हा सँडविच खात होती, पण ते इथे महत्त्वाचं नाही.)

"यात जा. एक तरी मॅच जिंक. साक्षीदार आजी. मग शाळेत तू."

"एक? अगं, अख्खी स्पर्धा उचलून आणतो!"

झालं! आठवडाभर तालीम केली. माझा गडी एक आडदांड पैलवान होता. डाव एकच, खाली बसायचं आणि लाथ मारत राहायचं.

"आजोबा, तू एकच बटन दाबतोस!"

"एक शिवी नीट देता आली की माणसाला दुसरी लागत नाही, बाळा!"

"लिहून घेऊ हे?" स्वयंपाकघरातून सुमती.

रविवारी बाळकुमहून रिक्षा केली. हातात सान्वीचा गुलाबी कंट्रोलर, त्यावर तिची फुलपाखरं चिकटवलेली. कारण या स्पर्धेत म्हणे ज्यानं त्यानं आपलं हत्यार घरून आणायचं असतं. सुमतीनं डबा घेतला, पाणी घेतलं, वही घेतली आणि माझी ॲसिडिटीची गोळीही घेतली. हॉल पहिल्या मजल्यावर. आत पाऊल टाकलं, तर साठ-सत्तर पोरं, दहा-बारा टीव्ही, आणि सगळीकडून बटनांचा असा कडकडाट की पापडाच्या कारखान्यात गारा पडतायत!

दाराशी कादंबरी नावाची मुलगी नावं लिहून घेत होती. स्पर्धा तीच चालवत होती.

"काका, पालकांनी भिंतीकडच्या खुर्च्यांवर बसायचं."

"मी पालक नाही. मी खेळाडू आहे."

"कोणाबरोबर आलायत?"

"बायकोबरोबर!"

तिनं एकदा मला, एकदा फुलपाखरांना पाहिलं. मग अदबीनं म्हणाली, "ओके. खेळायचं नाव सांगा, काका. बोर्डावर टाकायला."

मी बोर्ड पाहिला. 'विषारी वडा', 'ब्रह्मराक्षस', 'ठाण्याचा ठोसा'. मी म्हटलं, "सुधीर विष्णू..." एवढ्यात तिनं 'काका' असं टाईप करून टाकलंदेखील.

पहिलीच मॅच दोन नंबरच्या टीव्हीवर. समोर सलिल नावाचा तरुण, नोकरीवाला, दाढी नीट कोरलेली. त्यानं बॅगेतून एक भलीमोठी पेटी काढून मांडीवर घेतली. तिच्यावर एक दांडा आणि आठ बटनं. मला वाटलं, हा आता भजन म्हणतो की काय! मी आपला फुलपाखरांचा कंट्रोलर सरसावला.

"काका, बटन चेक?" सलिल म्हणाला.

"करा की!" मी म्हटलं. नवख्या माणसानं प्रश्न विचारू नयेत. अज्ञान उघडं पडतं.

पडद्यावर माझा पैलवान उभा राहिला, त्याचा एक सडपातळ कराटेवाला उभा राहिला. मी देवाचं नाव घेतलं, खाली बसलो आणि लाथा सुरू केल्या! आणि काय सांगू? समोरचा नुसता उभा! मध्येच एक उडी मारी, मध्येच हवेत एक ठोसा मारी, पुन्हा उभा. सलिल मान खाली घालून पेटीची वायर चाचपत होता. मला वाटलं, घाबरला! माझ्या वयाचा दरारा! मी आणखी चेवानं लाथा घातल्या. दोन मिनिटांत कराटेवाला धारातीर्थी पडला!

मी ताडकन उठलो, सलिलशी कडकडून हात मिळवला. "वाईट वाटून घेऊ नकोस रे. तरुण आहेस. पुढच्या वेळी." आणि सुमतीला घेऊन थेट बाहेर पडलो. मागून तो "काका, अहो काका" करत होता, पण हरलेल्या माणसाजवळ जास्त वेळ थांबू नये, त्याला लागतं.

"एवढ्यात संपलं?" जिन्यात सुमती म्हणाली. "कोर्टात साधी तारीखसुद्धा एवढ्यात मिळत नाही हो."

"असल्या खेळाडूसमोर असंच होतं!"

खाली चहाच्या टपरीवरून पहिला फोन सान्वीला. "जिंकलो!"

"खरंच? आजीला दे!"

सुमतीनं वहीत पाहून सांगितलं, "अकरा बेचाळीसला समोरचा इसम पडला. उठला नाही." पलीकडे सान्वीनं अशी किंकाळी मारली की टपरीवरचं दूध उतू गेलं! (ते आधीच जात होतं म्हणा.)

तिनं बापाला सांगितलं. बाप म्हणजे आमचा अद्वय, त्यानं सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. आणि बाळकुम ते कोलशेत अंतर ते किती? पाऊण तासात आमच्या कट्ट्याचे पोपटराव झेंडूचा हार घेऊन टपरीवर हजर! हार गळ्यात घातला, पाठ थोपटली, चहा मागवला.

तेवढ्यात वरून लाऊडस्पीकरवर हाक आली. "काका, प्लीज दोन नंबरच्या टीव्हीवर या."

"सत्कार!" मी उठायला लागलो.

पोपटरावांनी मला खांदा दाबून खाली बसवलं. ज्येष्ठ नागरिक संघात त्यांचे सात सत्कार झालेत, अधिकारी माणूस. "सुधीरराव, पहिल्या हाकेला उठतो तो हावरा. दुसऱ्या हाकेला उठतो तो नवखा. तिसऱ्या हाकेला उठायचं असतं. तेही 'कशाला, कशाला' म्हणत!"

पटलं. आम्ही दुसरा चहा घेतला. दहा मिनिटांनी दुसरी हाक आली. "काका, अहो या ना, सगळे थांबलेत!" आवाजात जरा कळकळ होती. मी शर्टाची बाही सारखी केली. हार मध्यावर आणला.

"ती मुलगी वैतागल्यासारखी वाटते," सुमती म्हणाली.

"प्रेम आहे ते!" पोपटराव म्हणाले.

तिसरी हाक आली. "काका, शेवटची हाक! आता नाही आलात तर बाद!"

बाद? सत्काराला बाद कसं करतात? पण म्हटलं, पोरांची भाषा. 'कशाला, कशाला' म्हणत जिना चढलो. हॉलमध्ये शिरलो तशी सगळी पोरं माझ्या हाराकडे पाहू लागली. मी हात जोडले, घसा साफ केला. "तरुण मित्रांनो! या विजयाचं श्रेय मी माझ्या नातीला..."

"काका," कादंबरी जवळ येऊन हळूच म्हणाली, "कुठला विजय? तुमची मॅच अजून सुरू झालेली नाही."

"अगं, मघाशी त्याला पाडला की!"

"ते बटन चेक होतं, काका! मॅचच्या आधी दोघं आपापली बटनं नीट चालतायत का ते दाबून बघतात. तेव्हा कोणी कोणाला मारत नाही."

कळलं का काय झालं ते? गवयाच्या मैफलीत तबलजी हातोडीनं तबला जुळवत होता, आणि मी 'वा, क्या बात है' म्हणत उभा राहून, कलाकाराला हार घालून, घरी निघालो होतो! त्यातही हार मीच घालून घेतला होता!

"पाच मिनिटांत आलं नाही तर बाद करायचा नियम आहे," कादंबरी म्हणाली. "पण वडीलधारं माणूस, बाद कसं करणार? मला वाटलं बाथरूमला गेले असतील. म्हणून थांबले."

"मीपण तेच म्हटलेलं," सलिल म्हणाला. "एका तासानंतर मात्र काळजी वाटायला लागली, काका."

पोपटराव? पोपटराव जिन्यानं केव्हाच खाली उतरले होते. सात सत्कारांचा माणूस, त्याला प्रसंग बरोबर ओळखता येतो.

मग खरी मॅच झाली. तिचं वर्णन मी रंगवून करू शकलो असतो, पण रंग लावायला आधी भिंत तरी लागते ना! मी खाली बसलो, तोवर तो कराटेवाला माझ्या डोक्यावरून पलीकडे गेला होता. मी वळेपर्यंत पैलवान हवेत होता. तो जमिनीवर आलाच नाही हो, वरच्या वर संपला! हार काढायचं राहून गेलं होतं, त्यामुळे झेंडूच्या पाकळ्या कंट्रोलरवर गळत होत्या. सुमतीच्या वहीत नोंद आहे, पहिला राउंड एकवीस सेकंद, दुसरा सतरा.

इथे एकदा हरलं की लगेच घालवून देत नाहीत, पुन्हा एकदा हरायची सोय असते. तीही मी घेतली. समोर विषारी वडा होता. त्याच्याबद्दल बोलायला नको.

मी भिंतीकडच्या खुर्चीवर बसलो. बुधवार डोळ्यांपुढे आला. वर्गात सीतारामपंत उभे, पडद्यावर टाकीचे फोटो. आणि माझी सान्वी मागच्या बाकावर, 'माझे दुसरे आजोबा थापा मारतात' असं कुणाला सांगावं लागू नये म्हणून खाली बघत बसलेली. आज सकाळी फोनवर ती किती जोरात ओरडली होती!

सलिलला मी सगळं सांगितलं. कसा कोण जाणे, पण सांगितलं. पोरगा लगेच म्हणाला, "टेन्शन नाही, काका! मी सांगतो तिला, मी हरलो."

"मीपण हरलो म्हणतो!" विषारी वडा म्हणाला.

"आम्ही सगळे सांगतो!" बघता बघता पंधरा-वीस पोरं जमली. एवढे साक्षीदार! आयुष्यभर मी एकट्यानं थापा मारल्या, आणि आज पहिल्यांदा आयतं सैन्य समोर उभं होतं! डोक्यात गोष्ट भराभर शिजायला लागली. तिसरा राउंड, रक्ताचा एक थेंब उरलेला, आणि शेवटच्या सेकंदाला ती लाथ...

फोन वाजला. सान्वी!

"आजोबा, काय झालं रे पुढे?"

मी तोंड उघडलं. समोर सुमतीनं वहीचं कोरं पान काढलं, पेन्सिलीचं टोक पानावर ठेवलं आणि शांतपणे म्हणाली, "बोला. लिहून घेते."

छत्तीस वर्षं त्या पेन्सिलीसमोर भलेभले साक्षीदार फुटले होते. तिथे मी कोण?

"हरलो गं," मी म्हटलं. "सकाळीही जिंकलो नव्हतो. त्याला नुसता उभा असताना मारला. मग हार घालून चहा पीत बसलो. मग दोनदा हरलो. चुकलंच माझं."

मी डोळे मिटून घेतले. आणि एकदम खो-खो हसण्याचा आवाज आला. एकटी सान्वी नव्हे, अख्खं घर!

"माहितीये, आजोबा! स्पर्धा लाइव्ह चालू आहे! बाबानं टीव्हीवर लावलीये. तुझा हार पण दिसला, भाषण पण ऐकलं!"

"अगं कार्टे, मग विचारलंस कशाला?"

"बघत होते, तू काय सांगतोस ते. बाबा म्हणाला, थाप मारणार. आई पण म्हणाली, थाप मारणार. मी एकटीच म्हटलेलं, नाही मारणार."

पर्वताच्या कड्यावरून पाय घसरावा आणि खाली हातभरावर गवत लागावं, तसं झालं! मी त्या पोरांकडे पाहिलं. ती बिचारी अजूनही शपथा घ्यायला तयार उभी होती. मी हातानंच खुणावलं, नको रे बाबांनो, जा, खेळा!

"बुधवारी तूच ये," सान्वी म्हणाली. "हेच सांग. जसंच्या तसं. आबांची टाकी पुढच्या वर्षी."

फोन ठेवला. सलिलच्या हातातली पाण्याची बाटली ओढून घेतली आणि अर्धी एका दमात रिकामी केली. तुम्ही म्हणाल, एवढी तहान कसली? अहो, ती शेवटच्या सेकंदाची लाथ अगदी घशापर्यंत आलेली होती, ती खाली ढकलायला काहीतरी हवंच ना!