परचुऱ्यांचा कोपरा

परचुरे साहेब रस्त्यानं चालत नसत, वाऱ्याचा माग काढत सरकत. शर्टाच्या वरच्या बटणाला यार्नच्या कारखान्यातला टाकाऊ धागा बांधलेला. तो जरा फडफडला की हे जागीच थांबत आणि मागून येणारी सायकल त्यांच्यावर आदळे. वर तेच सायकलवाल्याला विचारत, "लागलं नाही ना? वारा कुठून आला, बघितलंत का?"

ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. गुजरातच्या सीमेवरच्या सिल्वासात कारखाने धडाधड उभे राहत होते आणि तिथल्याच आमली भागात आमच्या बिल्डरनं शेजारी शेजारी दोन सातमजली इमारती उठवल्या होत्या. मी तिथं सुपरवायझर, मूळचा धुळ्याचा. परचुरे नाशिकहून आलेले आर्किटेक्ट. इमारतीवर 'हवेशीर फ्लॅट' अशी पाटी लागली आणि साहेबांची झोप उडाली.

"हवेशीर वरच्यांना, पाटील! उंच भिंतीवर आपटलेला वारा जातो कुठे? खाली उतरतो हो, खाली! आणि दोन इमारतींच्या फटीत शिरून पिसाळतो."

खोटं नव्हतं. उन्हाळा सरताना पश्चिमेचा वारा सुटला की सायली गावच्या कारखान्यांत निघालेल्या बायांची त्या कोपऱ्यावर दाणादाण उडे. जेवणाचे डबे गटारापर्यंत घरंगळत. साहेबांनी उपाय काढला होता: पहिल्या मजल्याच्या उंचीवर, कोपरा वळून जाणारा रुंद छज्जा. उतरणारा वारा त्यावर आदळून बाजूला जाईल, खालून माणूस सुखानं चालेल.

बिल्डर हरेशभाई पोट धरून हसले. "अरे साहेब, पवन तो भगवाननो छे. एना माटे छज्जुं?" वारा देवाचा, त्याच्यासाठी कसला छज्जा, असं त्यांचं म्हणणं.

साहेबांना घाई होती ती वहिनींसाठी. अर्धांगाच्या झटक्यानंतर वहिनी काठी टेकत चालत. वर्षभर त्या नाशिकला भावाकडे होत्या. साहेबांना त्याच इमारतीत फ्लॅट मिळाला होता, पण हा माणूस बायकोला आणायला तयार नाही. केव्हाही विचारा, एकच उत्तर: "कोपरा अजून तयार नाही. पडली तर?" हे 'पडली तर' मी इतक्यांदा ऐकलं, की मलाच चालताना भिंत धरावीशी वाटू लागली.

शेवटी हरेशभाईंना वारा डोळ्यांनी दाखवायचा म्हणून साहेबांनी कोपऱ्यावर बांबू रोवले आणि त्यांना धागे बांधले. दुसऱ्याच दिवशी कुणीतरी त्यात स्वतःचा एक लाल धागा बांधून गेलं. मग शेंदूर आला, नारळ आला, उदबत्त्या आल्या. नंदुरबारकडची एक बाई हात जोडून मला विचारते, "हाऊ कोनता देव शे, दादा?" मी काय सांगणार, कपाळ?

साहेब केस उपटायचे तेवढे बाकी होते. "नवसांच्या गाठींनी गच्च झालाय बांबू! एक धागा हलत नाही, पाटील. आता वारा दिसणार कसा?"

तेवढ्यात हरेशभाई आले. त्यांनी चपला काढल्या, डोकं टेकलं आणि आमच्यावरच डाफरले, "भगवान तडकामां ऊभा छे? उपर छज्जुं करावो!"

म्हणजे देव उन्हात उभा आहे, त्याच्यावर छज्जा घाला. मी साहेबांकडे पाहिलं. देवाला कधी हात न जोडलेला माणूस नजरेनं छज्ज्याची रुंदी मोजत होता. मग हळूच म्हणाला, "रुंद लागेल. गर्दी होणार. कोपरा वळवूनच घ्यावा लागेल."

छज्जा झाला. तरी साहेब आपले खाली येरझाऱ्या घालतच. "आज वारा पडलाय, उद्या बघू." अखेर मी वैतागून म्हणालो, "तुम्ही जाताय, की मी जाऊन आणू वहिनींना?" तेव्हा कुठे गेले.

वहिनी रिक्षातून उतरल्या. भर दुपारचा वारा सुटला होता. काठी टेकत त्या छज्ज्याखालून चालल्या आणि पदर जागचा हलला नाही. साहेब मात्र घामानं निथळत, दोन्ही हात पसरून त्यांच्या मागे. छज्जा संपला तरी वहिनी थांबल्या नाहीत. सरळ वाऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"अगं, पडशील!"

"पडू दे. वर्षभर भावाच्या मागच्या खोलीत बसून आहे मी. वारा कसा लागतो तेही विसरले." केस तोंडावर आले होते आणि त्या हसत होत्या. मग हसू विरलं. "पडले असते तर उचललं असतंत की, अहो. न्यायला यायचं होतं."

साहेबांनी समजावून सांगायला तोंड उघडलं. मी सामान उचलायच्या निमित्तानं रिक्षाकडे वळलो, पण ऐकू आलंच.

"मला इथं एकट्याला घास उतरत नव्हता गं," ते म्हणाले.