एक्केचाळीस रिपा आणि एक क्लिप

दीपकनं ठरवलं की छप्पर आपण स्वतःच करायचं. कारण फार मोठं नव्हतं; सुतारानं फोन उचलला नाही, एवढंच. (नंतर सुतारानं तीनदा उलटा फोन केला. तेव्हा दीपकनं उचलला नाही. माणसाला एकदा आत्मविश्वास आला की तो फोन उचलत नाही.)

प्रकरण सासूबाईंचं होतं. कुसाबाई हरसूलला एकट्या राहायच्या, बांधावरून घसरल्या आणि गुडघा धरून बसल्या. डॉक्टर म्हणाले, तीन महिने नाशकात राहून रोज व्यायाम केला तर चालाल, नाहीतर कायमची काठी. आता अडचण अशी की कुसाबाई लेकीकडे दोन दिवसांच्या वर कधी टिकल्याच नव्हत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरलेली आणि प्रश्न तयार, "येष्टी कितीला हाय?"

कारण एकच, झोप. हरसूलच्या घराला त्यांच्या मालकांनी स्वतःच्या हातानं छप्पर घातलं होतं. वर कौलं, कौलांखाली लाकडी रिपा, मोजून एक्केचाळीस. मालक गेले, पण कुसाबाई अजून रोज रात्री आडव्या पडून त्या रिपा मोजायच्या आणि पस्तीसच्या आत घोरायच्या. नाशकात लेकीच्या मागच्या खोलीत वर नुसता पत्रा आणि लोखंडी अँगल.

"पत्रा एकच हाय," त्या म्हणायच्या. "एक म्हटलं की संपलं. झोपू कशी?"

मागच्या वेळी आई तिसऱ्या दिवशी गेली तेव्हा त्याची बायको उज्वला ओट्याशी पाठ करून बराच वेळ एकच वाटी घासत होती. दीपकला ती वाटी विसरता येईना.

तर, त्या पत्र्याखाली एक्केचाळीस रिपा बसवायच्या. द्वारका चौकातल्या हार्डवेअरच्या दुकानात दुकानदार कुंदननं त्याला क्लिप दाखवली. स्प्रिंगच्या पत्र्याची, अंगठ्याएवढी. एका बाजूचा जबडा अँगलच्या कडेला ठोकून बसवायचा, दुसऱ्या बाजूला लाकडाची रीप अडकवायची. वेल्डिंग नको, ड्रिल नको.

दीपकनं ती उजेडात धरली. तो ओझरला विमानांच्या कारखान्यात फिटर. "बॅच नंबर कुठंय?"

"कशाचा?"

"क्लिपचा. आणि लोड टेस्टचं सर्टिफिकेट?"

कुंदननं चष्मा वर केला. "साहेब, विमान बांधताय का?"

"नाही. सासूबाईंची खोली."

"सासूबाई खाली झोपणार?"

"हो."

"मग रीपेला दोनच्या ऐवजी तीन लावा," कुंदन गंभीरपणे म्हणाला.

एका रीपेला तीन म्हणजे एकशेतेवीस. दोन जादा धरून एकशेपंचवीस घेतल्या. रविवारी दिवसभर ठोकाठोक चालली आणि संध्याकाळी छप्पर तयार झालं. आता खोटं कशाला बोला, चांगलं झालं होतं. उज्वला खाटेवर आडवी पडून बघून आली आणि तिनं त्याला दुसरा चहा दिला. (लग्नाला नऊ वर्षं झाली. न मागता दुसरा चहा ही तिसरीच वेळ.)

इथं थांबायला हवं होतं. पण कारखान्यातला नियम असा, की काम झालं की उरलेलं सामान मोजायचं. एक नट जरी कमी भरला तरी सगळं पुन्हा उघडायचं, कारण तो नट विमानातच कुठंतरी राहिलेला असू शकतो. सोमवारी सकाळी दीपकनं मोजलं. लावलेल्या एकशेतेवीस. उरायला हव्यात दोन. उरली होती एक.

"राहू दे ना," उज्वला चपला घालत म्हणाली. ती आईला आणायला स्टँडवर निघाली होती.

"नियम म्हणजे नियम. एक कमी असेल तर विमान उडत नाही."

"खोली कुठं उडणारे, अहो?"

ती गेली. दीपक खाटेवर पडून वर बघत राहिला. क्लिप वर रीपेआड कुठंतरी पडलेली असणार. आणि मामी इथंच तोंड वर करून झोपणार. (सासूबाईंना तो मामी म्हणायचा.) पडली थेट डोळ्यात म्हणजे? गुडघ्यासाठी आलेली बाई डोळ्याचं दुखणं घेऊन जाणार.

त्यानं रजा टाकली, शिडी लावली आणि पहिली रीप काढली.

कुसाबाई दुपारी पोचल्या तेव्हा एक्केचाळीस रिपा खोलीच्या मधोमध एकावर एक रचलेल्या होत्या आणि शेजारी जावई घामाघूम उभा होता. कुसाबाईंनी त्या लाकडांकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "नुसता गुडघाच गेलाय. एवढी तयारी नको होती."

उज्वला तिथंच दाराला टेकून हसत बसली. हसणं आवरल्यावर पोहे करायला आत गेली आणि मग आतून काहीच आवाज येईना. दीपक बघायला गेला. पोह्यांच्या पिशवीचं तोंड गच्च बंद होतं. त्यावर क्लिप होती.

"दोन उरल्या होत्या," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, एक कुणाला लागतीय. मुंगी शिरत नाही हो आत."

दीपकनं पिशवी हातात घेतली. क्लिपनं पिशवी इतकी नीट धरली होती की फिटर म्हणून त्याला अभिमानच वाटला.

त्या संध्याकाळी लवकर जेवून आठलाच त्यानं पुन्हा काम सुरू केलं. कुसाबाई कोपऱ्यातल्या खाटेवर आडव्या पडून बघत होत्या. ठक, ठक, टक. "एक," त्या म्हणाल्या. ठक, ठक, टक. "दोन." नवव्या रीपेला आकडा आलाच नाही. दीपकनं खाली बघितलं. मामी घोरत होत्या. उज्वलानं दारातून हातानंच सांगितलं, हलू नका. मग तो दहावी रीप डोक्यावर धरून पाऊण तास शिडीवर उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी आणखी नऊ. तिसऱ्या दिवशी सकाळी उज्वला भीत भीत खोलीत गेली. पिशवी खुंटीला होती. कुसाबाईंनी विचारलं, "आज किती लावणार हायेत?"

चौथ्या दिवशी दीपकला कारखान्यात ओव्हरटाइम लागला. कुसाबाईंनी लागलेल्या सत्तावीस रिपा तीन वेळा मोजल्या आणि सकाळपर्यंत टक्क जाग्या. दीपक उठला तेव्हा पिशवी भरलेली. त्यानं दात न घासताच शिडी लावली. सहा रिपांत पिशवी डोक्याखाली घेऊन त्या झोपल्या.

"अहो, आठ उरल्यात," उज्वला कुजबुजली. "त्या संपल्या की?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. आई संध्याकाळी पाचला व्यायामाला जाते. तिला नेणार उज्वला. घरात उरणार दीपक आणि शिडी.

तेव्हापासून असं सुरू झालं, की आठ वाजता नऊ रिपा लावायच्या आणि दुसऱ्या दिवशी पाच वाजता नऊ काढायच्या. शेजारच्या वत्सलाबाईंनी विचारलं, छप्पर अजून चाललंय का. दीपक म्हणाला, बारीक काम आहे. सुतारानं मधेच एकदा येऊन बघितलं आणि तो आल्या पावली निघून गेला. तीन महिने दीपक ओझरला विमानं जोडायचा आणि घरी येऊन एकच छप्पर. अंगठ्याला घट्टे पडले. पण कुसाबाई आता अंगणात दहा फेऱ्या मारायच्या, काठीशिवाय.

डॉक्टरांनी सुट्टी दिली त्या दिवशी उज्वलानं शिरा केला आणि तो खाताना तिचे डोळे भरून आले. कुसाबाईंनी बशी खाली ठेवली.

"त्या गाठीवाल्या रीपेला पुसा," त्या म्हणाल्या. "माझ्या समोर वीस वेळा वर चढलीय ती. मला काय दिसत नाय?"

दीपकचा घास तिथंच थांबला.

"मग बोलला का नाहीत, मामी?"

"झोप लागत होती ना. आता मी इथंच राहणार हाय. हरसूलला नाय जात."

दीपकला भरून आलं. तीन महिन्यांचे घट्टे एकदम हलके झाले. तो म्हणाला, "म्हणजे मामांसारखं छप्पर जमलं तर मला."

"छपराचं नाव नका काढू," कुसाबाई मायेनं म्हणाल्या आणि त्याच्या बशीत आणखी शिरा वाढला. "तुमचे मामा दोन दिसांत अख्खं घर शाकारायचे. त्यांना बघून मला कधीच झोप नाय आली. तुम्हाला काम करताना बघितलं की लगेच लागती."